वाळूमाशी आणि मेंदूज्वर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न माझ्याकडे दोन वाटांनी येतात. जून-जुलैत पाऊस लागला की विदर्भातल्या नातेवाइकांचे फोन येतात: "पेपरात चांदिपुरा आलाय, घरात लहान पोर आहे, काय करू?" (चांदिपुरा म्हणजे लहान मुलांच्या मेंदूवर जाणारा एक विषाणू.) मग ऑगस्टमध्ये, ज्यांची मुलं इटली-स्पेनमध्ये शिकायला आहेत त्यांचे मेसेज, तिकडच्या टोस्काना नावाच्या विषाणूबद्दल. दोघांच्याही काळजीचं मूळ एकाच किड्यात, वाळूमाशीत, आहे आणि दोघांना द्यायची उत्तरं मात्र फार वेगळी आहेत. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलं.

वाळूमाशी म्हणजे नेमकी कोणती? चिलट की डास?

दोन्ही नाही. इंग्रजीतला सँडफ्लाय हा शब्दच आता आपल्याकडे रुळलाय, सरकारी पत्रकांत 'वाळूमाशी' किंवा 'वालुमाशी' असं छापतात. लांबी जेमतेम २ ते ३ मिलिमीटर, म्हणजे डासाच्या निम्म्याहून लहान. रंग मातकट, अंगावर बारीक लव. ओळखायची खूण पंखात आहे. डास बसताना पंख पाठीवर मिटून घेतो. ही बसली की पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभे राहतात.

उडणं तिला धड जमत नाही. थोडं उडते, टेकते, पुन्हा उडी मारल्यासारखी पुढं सरकते. जन्मल्या जागेपासून काहीशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट म्हणजे ती गुणगुणत नाही. डास कानाशी आला की हात आपोआप उठतो, हिच्याबाबतीत तशी सूचनाच मिळत नाही. इटालियन लोक तिला 'पाप्पाताची' म्हणतात, म्हणजे गुपचूप खाणारी. एवढं नेमकं नाव आपल्याला सुचलं नाही याची मला जरा खंतच आहे.

रक्त फक्त मादी पिते, अंडी घालण्यासाठी. वेळ साधारण तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत.

नावात वाळू आहे, मग समुद्रकिनाऱ्यावर जपायला हवं का?

गोव्याच्या किंवा कोकणातल्या किनाऱ्यावर पायाला कडकडून चावणारे बारीक किडे बहुतेक वेळा दुसऱ्याच कुळातले असतात. न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर आणखी सावध ऐकावं: तिथं ज्याला सँडफ्लाय म्हणतात ती वेगळी माशी आहे, या लेखातल्या विषाणूंशी तिचा संबंध नाही. इथली वाळूमाशी म्हणजे फ्लेबोटोमस आणि सर्जेंटोमाया या गटांतली. तिला ओलसर माती, भिंतीच्या भेगा, गोठा, दगडांच्या सांदी, झाडांची ढोली अशा जागा आवडतात. नाव तिच्या वाळूसारख्या रंगावरून पडलं असं समजा आणि पुढं चला.

मेनिंजायटिस, एन्सेफलायटिस, मेंदूज्वर: एकच आजार आहे का?

इथंच सगळा घोळ आहे, त्यामुळे जरा थांबतो.

मेंदूभोवती पातळ आवरणं असतात. त्या आवरणांना सूज आली की मेनिंजायटिस. मेंदूच्या गाभ्यालाच सूज आली की एन्सेफलायटिस. पहिल्यात डोकं भयंकर ठणकतं, मान आखडते, उजेड सोसत नाही, पण माणूस बहुधा शुद्धीवर असतो, विचारलेल्याचं उत्तर देतो. दुसऱ्यात शुद्धच हरपू लागते: असंबद्ध बोलणं, गुंगी, आकडी, बेशुद्धी. कधी दोन्ही एकत्र असतात.

मराठीत आपण या सगळ्याला 'मेंदूज्वर' म्हणून मोकळे होतो. बोलताना सोयीचा शब्द आहे, पण वाळूमाशीच्या बाबतीत तो फसवतो. भूमध्य समुद्राकाठची वाळूमाशी जो विषाणू देते त्यानं मुख्यतः आवरणांना सूज येते आणि बहुतेक रुग्ण आठ-दहा दिवसांत घरी जातात. आपल्याकडची वाळूमाशी जो विषाणू देते तो लहान मुलांच्या थेट मेंदूवर जातो आणि दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. दोन्ही बातम्यांचा मथळा मात्र एकच असतो: 'वाळूमाशीमुळे मेंदूज्वर'. मग इटलीतल्या मुलाची आई नको तेवढी घाबरते, आणि चंद्रपूरकडचा बाप "सकाळी बघू" म्हणून झोपतो.

वाळूमाशी कोणकोणते विषाणू पसरवते?

माणसाच्या दृष्टीनं महत्त्वाचे असे थोडेच.

सर्वांत जुना माहितीतला आजार म्हणजे सँडफ्लाय फीव्हर, ज्याला तीन दिवसांचा तापही म्हणत. १९०९ मध्ये ऑस्ट्रियन लष्करी डॉक्टर रॉबर्ट डोएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वाळूमाशीमुळे होतो हे दाखवून दिलं. दुसऱ्या महायुद्धात दोस्तसैन्य इटलीत उतरलं आणि शिपाई धडाधड तापानं आडवे झाले. तेव्हा अल्बर्ट सॅबिन यांनी दोन विषाणू वेगळे केले, सिसिली आणि नेपल्स. हेच सॅबिन पुढं पोलिओच्या तोंडी लशीमुळे घराघरात पोचले. आपल्या मुलांनी जे 'दो बूंद' घेतले ते त्यांचेच. तर हे दोन विषाणू ताप आणतात, अंग मोडून काढतात आणि निघून जातात. नेपल्सच्या जातीकुळीतलाच एक भाऊ मात्र मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो, तो टोस्काना. शास्त्रीय भाषेत हे सगळे फ्लेबोव्हायरस.

चांदिपुरा या सगळ्यांहून निराळा. तो रॅब्डोव्हायरस कुळातला, म्हणजे रेबीजच्या घराण्यातला लांबचा भाऊबंद. माशी एकाच जातकुळीची, आतले विषाणू वेगळ्या घराण्यांचे.

टोस्काना विषाणू सापडला कसा?

नावातच गाव आहे. इटलीच्या टस्कनी प्रांतात, ग्रोसेटो जिल्ह्यात, समुद्रात घुसलेला मोंते अर्जेंतारिओ नावाचा डोंगराळ भाग आहे. १९७१ मध्ये तिथल्या फ्लेबोटोमस पर्निसिओसस जातीच्या वाळूमाश्यांमधून तो वेगळा केला गेला. टस्कनीला इटालियन भाषेत तोस्काना म्हणतात, म्हणून टोस्काना.

गंमत अशी की त्यानंतर बरीच वर्षं हा 'माशीत सापडलेला एक विषाणू' एवढाच होता. तो माणसाला काय करतो हे १९८० च्या दशकात उलगडत गेलं. तोवर उन्हाळ्यात येणाऱ्या, जिवाणू न सापडणाऱ्या मेनिंजायटिसचे रुग्ण इटालियन डॉक्टर पाहतच होते, कारण कळत नव्हतं. १९८५ मध्ये पोर्तुगालहून परतलेल्या एका स्वीडिश माणसाची केस 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि हा विषाणू इटलीपुरता नाही हे स्पष्ट झालं. आज इटली, फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, क्रोएशिया, ग्रीस, तुर्कस्तान, मोरोक्को, ट्युनिशिया, अल्जीरिया अशा भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत तो असल्याचं माहीत आहे. मध्य इटलीत तर उन्हाळ्यातल्या विषाणूजन्य मेनिंजायटिसच्या कारणांत तो अगदी वरच्या क्रमांकावर असतो.

तो किती जणांना होतो?

होतो पुष्कळांना, कळतो थोड्यांना. लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही किंवा साधा ताप येऊन जातो. नंतर रक्त तपासलं तर प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण) सापडतात. स्पेनमधल्या ग्रानादा भागात चारातल्या साधारण एकाच्या रक्तात ती सापडली होती. टस्कनीतल्या वनमजुरांमध्ये हे प्रमाण त्याच्या सुमारे तिप्पट निघालं. रानात राबणाऱ्यालाच जास्त चावे, हे सांगायला संशोधन लागत नाही, पण आकडा हाती असला की बरं असतं.

मेनिंजायटिसपर्यंत गेला तर काय काय होतं?

चावल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांनी, क्वचित दोन आठवड्यांनी, आजार एकदम उभा राहतो. डोकेदुखी जवळपास प्रत्येकाला असते, आणि ती नेहमीची नसते. "आयुष्यात असं डोकं दुखलं नव्हतं" असं रुग्ण सांगतात. सोबत ताप, मळमळ, उलट्या, अंगदुखी, मान ताठ होणं. हनुवटी छातीला लावायला सांगितली तर लागत नाही.

मोसम ठरलेला: मे ते ऑक्टोबर, कळस ऑगस्टमध्ये.

पाठीतून पाणी काढायला सांगतात. त्यानं माणूस अधू होतो का?

नाही. ही भीती आपल्याकडे इतकी मुरली आहे की सही करायला नातेवाईक तासन् तास लावतात. पाठीचा मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्या खाली, कमरेच्या मणक्यांमधून सुई घालतात. चार-सहा मिलिलिटर पाणी काढतात, ते शरीर काही तासांत पुन्हा तयार करतं. नंतर एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं.

मेंदूत दाब वाढल्याची शंका असेल तर डॉक्टर स्वतःच आधी स्कॅन करतात आणि गरज पडली तर पाणी काढणं पुढं ढकलतात. तो निर्णय त्यांचा. पण "नको, आमच्यात असं केल्यावर एक जण लुळा पडला होता" हे कारण सांगून अडवू नका.

त्या पाण्यातून कळतं पुष्कळ. जिवाणूंचा मेनिंजायटिस असेल तर पाणी गढूळ, पांढऱ्या पेशी भरमसाट, साखर घसरलेली. विषाणूंचा असेल तर पाणी बहुधा स्वच्छ, पेशी वाढलेल्या पण बेतानं, साखर बहुतेक वेळा नीट. टोस्कानाचं नाव निश्चित करायला याच पाण्यावर पहिल्या काही दिवसांत पीसीआर करतात, किंवा रक्तात प्रतिपिंडं शोधतात.

यावर औषध काय?

टोस्कानाला मारणारं औषध नाही, लसही नाही. ताप आणि दुखणं कमी करायचं, पाणी-क्षार सांभाळायचे, विश्रांती द्यायची.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो: "मग हॉस्पिटलनं अँटिबायोटिक का चढवलं? बिल वाढवायला?" बिलांबद्दल माझ्याही तक्रारी आहेत, पण इथं नाही. पहिल्या तासाला कोणालाच ठाऊक नसतं की आवरणाला सूज कशामुळे आली. जिवाणूंमुळे असेल तर काही तासांचा उशीरही महागात पडतो. हर्पिस विषाणूमुळे असेल तर त्यावर असायक्लोव्हिर नावाचं औषध आहे आणि तेही वेळेत लागतं. म्हणून दोन्ही सुरू करतात, तपासण्या आल्या की बंद करतात. असंच व्हायला हवं.

माणूस पूर्ण बरा होतो का?

टोस्कानामध्ये जवळजवळ नेहमीच. ताप-डोकेदुखी आठवडा-दहा दिवसांत ओसरते, थकवा काही आठवडे रेंगाळतो. मेंदूच्या गाभ्यावर परिणाम, बहिरेपणा अशा गुंतागुंती नोंदल्या गेल्या आहेत, पण त्या विरळा.

मुलगी इटलीत शिकते. तिला काय सांगू?

रोज फोन करून घाबरवू नका, एवढं आधी.

मिलानमध्ये सातव्या मजल्यावर राहत असेल तर या माशीची काळजी फारशी नाही. टस्कनी, एमिलिया-रोमान्याच्या टेकड्या, द्राक्षमळे, शेतावरची जुनी दगडी घरं, तंबू टाकून राहणं, अशा ठिकाणी उन्हाळ्यात संध्याकाळी काळजी घ्यावी. लांब बाह्या, पायजमा किंवा पँट, उघड्या त्वचेवर डीट किंवा पिकारिडिन (ही कीटक पळवणारी द्रव्यं) असलेलं मलम. तिथल्या फार्मसीत ते सहज मिळतं. झोपायला शक्यतो वरच्या मजल्यावरची खोली, आणि पंखा. पंख्याची गोष्ट लोकांना थट्टा वाटते, पण ही माशी इतकी दुबळी उडते की चांगल्या वाऱ्यात तिला अंगावर टेकणंच जमत नाही. इटालियन घरांत छताला पंखा सहसा नसतो. टेबलफॅन विकत घ्यायला सांगा. नाहीतरी आता तिथला ऑगस्ट त्याशिवाय निघत नाही.

तिकडून परत आल्यावर ताप आला तर?

डॉक्टरांना प्रवासाबद्दल आपणहून सांगा: कुठल्या देशात, कुठल्या भागात, कोणत्या तारखांना. आपल्याकडे ऑगस्टमधला ताप म्हटलं की डेंगी, मलेरिया, चिकनगुनिया, टायफॉइड याच तपासण्या होतात, आणि त्या होऊही द्याव्यात. पण दोन आठवड्यांपूर्वी टस्कनीत होतो हे तुम्ही सांगितलं नाही तर टोस्काना कोणाच्या डोक्यातही येणार नाही.

टोस्काना महाराष्ट्रात येऊ शकतो का?

त्याला वाहून नेणाऱ्या मुख्य माश्या, फ्लेबोटोमस पर्निसिओसस आणि पर्फिलिएवी, भूमध्य भागातल्या. त्या आपल्याकडे नाहीत. माणसाकडून माणसाला तो पसरत नाही. त्यामुळे आजारी पडून परतलेल्या मुलीपासून घरच्यांना धोका नाही.

पण "आपल्याकडे वाळूमाशीचे विषाणू नाहीतच" असं समजू नका. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात एकाच मोसमात वाळूमाश्यांमधून आणि माणसांमधून सँडफ्लाय फीव्हरचा विषाणू वेगळा केला गेला होता. ते संशोधन १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्याही आधी, १९७० मध्ये, औरंगाबादच्याच वाळूमाश्यांमध्ये चांदिपुरा सापडल्याची नोंद आहे. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ ही माशी आणि तिच्यातले विषाणू मराठवाड्याच्या दप्तरी आहेत.

चांदिपुरा हे नाव कुठून आलं? तो मेनिंजायटिस आहे का?

१९६५ मध्ये नागपुरात तापाची मोठी साथ आली होती, मुख्यतः चिकनगुनिया-डेंगीची. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात रुग्णांचे रक्तनमुने तपासताना दोन प्रौढ रुग्णांच्या रक्तात एक अनोळखी विषाणू निघाला. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्यावर लिहिलं आणि नागपूरकडच्या चांदिपुरा या ठिकाणाचं नाव त्याला दिलं. हे केंद्र म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, लोकांच्या तोंडी 'पुण्याची एनआयव्ही'. म्हणजे गाव आपलं, प्रयोगशाळाही आपली.

पुढं जवळजवळ चार दशकं या विषाणूकडे फारसं कोणी पाहिलं नाही. प्रौढांना साधा ताप आणणारा किरकोळ विषाणू, अशी त्याची ओळख. मग २००३ आलं. जून ते सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, मुख्यतः करीमनगर-वरंगळ पट्ट्यात (आज तो तेलंगणात आहे, गडचिरोलीला लागून), मुलं पटापट दगावू लागली. नोंदलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ गेली. बहुतेक मृत्यू दवाखान्यात आणल्यापासून चोवीस तासांच्या आत. २००७ मध्ये नागपूर विभागातल्या उद्रेकात एन्सेफलायटिसची ७८ मुलं नोंदली गेली, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत उद्रेक झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशभरात मेंदूदाहाचे (एन्सेफलायटिसचे) २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू, त्यांपैकी चांदिपुरा निश्चित झालेले ६४.

आता मूळ प्रश्न. काटेकोरपणे पाहिलं तर चांदिपुरा हा मेनिंजायटिस कमी आणि थेट मेंदूवरचा आघात जास्त. या मुलांच्या पाठीतलं पाणी तपासलं तर पुष्कळदा पेशी वाढलेल्याच नसतात. "पाणी नॉर्मल आलं" या वाक्यावर म्हणूनच निर्धास्त होऊ नये. पाणी नॉर्मल आणि मूल बेशुद्ध, अशी जोडी या आजारात दिसते.

तो मुलांनाच का होतो?

लागण मोठ्यांनाही होते. ज्या भागात तो आहे तिथल्या प्रौढांच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर आढळतात, म्हणजे लहानपणी कधीतरी चावा बसून, ताप येऊन गेलेला असतो. मेंदूचा गंभीर आजार मात्र मुख्यतः पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांत दिसतो. शिवाय गावातली बारकी पोरं उन्हाळ्या-पावसाळ्यात उघड्या अंगानं, मातीच्या भिंतीला टेकून झोपतात. माशीला घर बदलावंच लागत नाही.

मुलाला ताप आहे. चांदिपुरा आहे हे घरी कसं ओळखायचं?

ओळखायचं नाही. ते तुमचं काम नाही, आणि प्रयोगशाळेशिवाय कोणालाच जमत नाही. तुम्ही फक्त निघायची वेळ ओळखायची.

एकदम चढलेला जोराचा ताप आणि त्यासोबत यातलं काहीही एक: वारंवार उलट्या, आकडी, न ओसरणारी गुंगी, असंबद्ध बोलणं, आई-वडिलांना न ओळखणं, मान ताठ होणं. अंगावर दाबूनही न जाणारे जांभळे डाग दिसले तर तेही (ते दुसऱ्या, जिवाणूजन्य आजाराचं लक्षण, पण तितकंच तातडीचं). रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन. आणि जिथं लहान मुलांचा अतिदक्षता विभाग आहे तिथं मूल कसं पोचेल ते पहिल्याच डॉक्टरांना विचारा. या आजारात एका दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे जे तास जातात ते परत मिळत नाहीत.

आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचं सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, पाणी नको, बोट नको. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यानं आकडी थांबत नाही. ती आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं.

ताप उतरवायला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

चांदिपुराला औषध आहे का?

विषाणूवरचं नाही. पण आकडी थांबवणं, श्वास सांभाळणं, मेंदूतली सूज आणि रक्तातली साखर यांकडे लक्ष देणं, हे सगळं दवाखान्यात होतं आणि त्यानं मुलं वाचतात. औषध नाही म्हणून नेऊन काय उपयोग, हा हिशेब चुकीचा.

मुलाला मेंदूज्वराची लस दिली आहे. मग?

ती लस जपानी मेंदूज्वराची. तो आजार क्युलेक्स डासामुळे होतो, विषाणूही वेगळा. लस जरूर घ्या, पण चांदिपुरापासून तिचं संरक्षण मिळत नाही. पुन्हा तोच 'मेंदूज्वर' शब्द: लसीच्या कार्डावर तो वाचला की सगळ्यालाच कवच मिळाल्यासारखं वाटतं.

आम्ही 'कोरडा दिवस' पाळतो. वाळूमाशी जाईल ना?

जाणार नाही. हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असावा, आणि तो फारच कमी लोक विचारतात.

डेंगीनं आपल्याला एक शिस्त लावली: आठवड्यातून एकदा पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करायच्या. चांगलीच शिस्त आहे, डेंगीसाठी सोडू नका. पण वाळूमाशी पाण्यात अंडी घालत नाही. ती घालते ओलसर, कुजकं सेंद्रिय द्रव्य असलेल्या मातीत: गोठ्याच्या कोपऱ्यात, शेणाच्या ढिगाऱ्याजवळ, भिंतीच्या पायथ्याच्या भेगेत. अळी तिथंच कुजलेलं खाऊन वाढते. अंड्यापासून माशी व्हायला महिना-दीड महिना, कधी अधिक. तुमचं पिंप कोरडं ठणठणीत असलं तरी तिला त्याचं सुखदुःख नाही.

तिच्यासाठी करायची कामं वेगळी. घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवणं, लिंपणं किंवा प्लास्टर करणं. गोठा झोपायच्या जागेपासून दूर नेणं, ते शक्य नसेल तर निदान रोज शेण हलवून जमीन कोरडी ठेवणं. उकिरडा भिंतीला लागून नको. मुलं जमिनीवर भिंतीला चिकटून झोपत असतील तर खाटेवर, भिंतीपासून हातभर लांब.

फवारणीचंही तसंच. संध्याकाळी गाडीवरून धूर सोडत जाणं डोळ्यांना समाधान देतं. वाळूमाशी दिवसभर भेगेत बसलेली असते, म्हणून औषध भिंतीवर हवं, आणि तेही जमिनीपासून सहा फुटांपर्यंत. ही माशी टप्प्याटप्प्यानं, खालूनच चढते. बिहारमध्ये काळा आजाराची मोहीम याच पद्धतीनं चालली, कारण तो आजारही वाळूमाशीचाच. २०२४ मध्ये गुजरातेत भेगांमधून मॅलाथिऑनची भुकटी टाकण्यात आली. आशाताई किंवा आरोग्यसेवक फवारायला आले की देवघर आणि स्वयंपाकघर सोडून बाकी करा, असं सांगून त्यांना अर्ध्या घरातून परत पाठवू नका. भांडी झाका, देव हलवा, भिंती करू द्या. आणि पुढचे दोन-तीन महिने त्या भिंतींवर नवा चुना किंवा सारवण करू नका, नाहीतर औषध त्याखाली झाकून जातं.

मच्छरदाणी चालेल का?

साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आत शिरते. बारीक विणीची जाळी लागते, किंवा कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी, जिच्यावर टेकली तर ती मरते. बारीक जाळीत उकडतं, हे खरं. विदर्भाच्या जूनमध्ये त्या जाळीखाली झोपा असं सांगणाऱ्यानं आधी स्वतः एक रात्र झोपून पाहावं. पंखा असेल तर दोन्ही प्रश्न बरेचसे सुटतात.

कुत्र्यामुळे हा आजार होतो का?

चांदिपुरा किंवा टोस्काना कुत्र्याकडून येत नाही. भूमध्य देशांत वाळूमाशीमुळे कुत्र्यांना लेशमनिया नावाचा परजीवी होतो, म्हणून तिथं कुत्र्यांना माशी पळवणारे पट्टे घालतात. इटलीत कोणाच्या कुत्र्याच्या गळ्यात तसा पट्टा दिसला तर एवढं ओळखा की त्या अंगणात वाळूमाश्या आहेत.

थंडीत माश्या दिसत नाहीत. मग विषाणू पुढच्या वर्षी येतो कुठून?

टोस्कानाबाबत प्रयोगशाळेत दिसलेलं उत्तर असं: लागण झालेली मादी अंड्यांतूनच विषाणू पुढच्या पिढीला देते. नर-मादीच्या मीलनातूनही तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे मधे कोणी प्राणी आजारी पडला नाही तरी तो काही पिढ्या माश्यांमध्येच टिकून राहू शकतो. हिवाळ्यात अळ्या मातीत सुप्त पडून राहतात, आणि ऊब आली की बाहेर पडणारी माशी विषाणू घेऊनच निघू शकते.

आपल्याकडे कामाचा हिशेब यावरून लावता येतो. पावसाळ्यात माश्या दिसायला लागल्यावर भेगा बुजवायला घेतल्या तर एक पिढी आधीच उडून गेलेली असते. गोठ्याची डागडुजी मे महिन्यात, मृग लागायच्या आत उरकलेली बरी.